थराराची भाषा

शितोळेसाहेबांच्या मनोरंजन उद्यानातला रोलर कोस्टर उभा राहिला, पण नाव काही ठरेना. जाहिरातीचं काम बघणाऱ्या शाल्मलीनं सुचवलेली सगळी मराठी नावं साहेबांनी उडवून लावली.

“मराठीत कसला आलाय थरार? इटालियन नाव आणा, नाहीतर घरी बसा!”

“आणते,” शाल्मली म्हणाली. “पण आधी एक फेरी मारून या. वरून कोसळताना तुमच्या तोंडून जी भाषा निघेल, तिच्यातच नाव ठेवू.”

साहेब मिशीला पीळ देत गाडीत बसले. गाडी उतारावर सुटली आणि “आई गं, मेलो!” ही आरोळी पार तिकीटखिडकीपर्यंत ऐकू आली.

साहेब उतरताच शाल्मलीनं अदबीनं विचारलं, “साहेब, हे इटालियनमध्ये कसं लिहायचं?”

घाम पुसता पुसता साहेबांनाच हसू फुटलं. आता ‘आई गं!’समोरची रांग हटत नाही.