अंजिरी शालू आणि पत्र्याचा डबा

सोनवड्याच्या उदाजीराव सरकारांना कॉम्प्युटर हवा होता, आणि शहरातून आलेल्या देवधर नावाच्या दुकानदारानं त्याची किंमत सांगितली होती एक लाख ऐंशी हजार रुपये.

सरकारांचं राज्य जाऊन तीन पिढ्या झाल्या होत्या. मागे उरला होता राजवाडा, हट्टी स्वभाव आणि आजोबांपासून जमवलेले नऊ हजार फोटो. ते फोटो स्कॅन करून झाले होते; आता ते कॉम्प्युटरवर साफसूफ करून त्यांचं प्रदर्शन भरवायचं, असं सरकारांनी मनावर घेतलं होतं.

किमतीचा कागद हातात धरून ते सदरेवर बसले होते. तिथंच जुलेखा आतार पंखा दुरुस्त करत होती. राजवाड्याच्या देवडीत तिचा गाळा होता. गावात मिक्सरपासून कॉम्प्युटरपर्यंत काहीही बिघडलं, की ते तिच्याकडे यायचं.

"जुलेखा, हे वाच जरा," सरकार म्हणाले.

तिनं हात पुसले, कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि परत दिला. "सरकार, यातले निम्म्याहून जास्त पैसे तुमच्या कामाचे नाहीत."

समोर बसलेले देवधर हसले. "ताई, हे पंख्याचं काम नव्हे."

सरकारांना एकाच वेळी दोघांचाही राग आला. "असं म्हणतेस? मग पन्नास हजारांत तूच करून दे. सगळं नवं कोरं, जुनंपानं काही चालणार नाही. आणि यांच्यापेक्षा तसूभरही कमी पडता कामा नये. देवधर, तुम्हीही तुमचा घेऊन या. पुढच्या रविवारी दोन्ही इथं शेजारी शेजारी मांडू. हिचा कमी पडला, तर हिनं देवडीतला गाळा रिकामा करायचा."

बारा वर्षं जुलेखा त्या गाळ्यात बसत होती. पण तिनं आवाज चढवला नाही. "सरकार, त्या कॉम्प्युटरवर तुम्ही काय काय करणार, तेवढं सांगा."

"फोटो. डाग काढायचे, रंग जुळवायचे, छपाईला धाडायचे. या वयात दुसरं काय करणार मी?"

"मग आणते," जुलेखा म्हणाली.

घरी येऊन तिनं वहीच्या पानावर यादी मांडली. देवधरांच्या यादीत सगळ्यात महाग होतं ते ग्राफिक्स कार्ड, खेळ खेळणाऱ्यांच्या उपयोगाचं. ते तिनं खोडलं आणि ज्याच्या पोटातच चित्रापुरती सोय असते, असा प्रोसेसर निवडला. लाल-निळे दिवे खोडले. काचेचं कॅबिनेट खोडलं, साधं काळं पत्र्याचं घेतलं. मग रॅम भरपूर घेतली, म्हणजे मोठे फोटो अडकायचे नाहीत. फोटो झटपट उघडावेत म्हणून चांगली एसएसडी घेतली. राजवाड्यातली वीज कशी नाचते हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून पॉवर सप्लायमध्ये तिनं हात आखडला नाही. एवढं करून जे उरलं, ते सगळं तिनं मॉनिटरवर घातलं. खरा रंग दाखवणारा मॉनिटर. यादी दोनदा तपासली. बेरीज एकोणपन्नास हजार सहाशे.

रविवारी सदरेवर दोन टेबलं लागली. देवधरांचा कॉम्प्युटर लग्नघरासारखा झगमगत होता. जुलेखाचा पाहून ते म्हणाले, "हा तर पत्र्याचा डबा आणलात ताई."

"डबाच आहे," ती म्हणाली. "सरकार, माँसाहेबांचा तो हातानं रंगवलेला फोटो आहे ना, तो दोन्हीकडे लावू. आणि त्यात त्यांनी नेसलेला शालू पेटीतून काढून आणायला सांगा."

सरकारांनी तिच्याकडे रोखून पाहिलं, पण शालू मागवला. अंजिरी रंगाचा, जुन्या जरीचा.

फोटो दोन्हीकडे चुटकीसरशी उघडला. सरकारांनी शालूचा पदर आधी देवधरांच्या पडद्याजवळ धरला. पडद्यावरचा शालू भडक गुलाबी दिसत होता. दिव्यांवर आणि कार्डावर पैसे उधळताना देवधरांनी मॉनिटर मात्र स्वस्तातला लावला होता. मग सरकारांनी तोच पदर जुलेखाच्या पडद्याजवळ नेला. तिथं अंजिरी तो अंजिरीच होता. त्यांना हातातलं कापड कुठं संपतं आणि चित्र कुठं सुरू होतं, ते क्षणभर कळेना. बराच वेळ ते आईच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले.

देवधर गडबडले. "सरकार, रंग बटणं दाबून नीट करता येतो. ताकद बघा." त्यांनी आपल्या कॉम्प्युटरवर मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ लावला. गाड्या वाऱ्यासारख्या पळाल्या. तोच खेळ जुलेखाच्या कॉम्प्युटरवर लावला, तर गाड्या बैलगाडीसारख्या हिसके देत चालल्या.

"पाहिलंत?" देवधर म्हणाले. "तसूभर कशाला, हातभर कमी पडला."

सरकारांचा हट्ट पुन्हा जागा झाला. पदर हातातच होता, तरी ते म्हणाले, "जुलेखा, शालू मला पटला. पण अट ती अट. यांचा जे करतो, ते तुझ्याला करता येत नाही."

"उद्यापासून सरकार मोटारी पळवत बसणार असतील, तर मी हरले," जुलेखा म्हणाली. "आजच गाळ्याला कुलूप लावते. पण यांचा काय करतो हे पाहिलंत, तसं माझा काय करतो हेही पाहायला हवं. माझ्या डब्याला एक काम येतं, जे यांच्या कॉम्प्युटरला जन्मात येणार नाही."

"कोणतं?"

"तो सरकारांच्या तिजोरीत एक लाख तीस हजार रुपये जिथल्या तिथं ठेवतो. यांना म्हणावं, यांच्याला हे करून दाखवायला सांगा."

सरकारांच्या मिशा आधी थरथरल्या, आणि मग ते असे हसले की खांद्यावरची शाल खाली घसरली.

"देवधर, तुमची दिवाळी गुंडाळा," डोळे पुसत ते म्हणाले. "आणि जुलेखा, देवडीतला तो गाळा सोड तू."

तिचा चेहरा उतरला.

"तिथं अंधार फार. शेजारचा दुहेरी गाळा मोकळा आहे, तो आजपासून तुझा. आणि नऊ हजार फोटो आहेत, ते साफ कोण करणार? मला काही ते जमायचं नाही. काय घेशील, ते तूच ठरव. पण बाई, तुझ्याशी घासाघीस करायची माझी हिंमत नाही."