ठमाआत्यानं धुतलेली तोंडं

फार वर्षांपूर्वीची, म्हणजे मीठ अजून घोड्यांच्या पाठीवरून घाट चढायचं तेव्हाची ही गोष्ट. घाटाच्या पायथ्याशी पाथरघोळ नावाचं गाव होतं. गावात घरटी एक तरी घोडं, कुठं दोन. खालून मीठ वर न्यायचं, वरून ज्वारी खाली आणायची, की पोटाला मिळालं. आता ज्याच्या पाठीवर सगळ्या गावाची चूल पेटते, त्याला माणसानं कसं ठेवावं, हे काय सांगायला हवं? पण पाथरघोळची रीत ऐका. ऐकून राग आला तर येऊ द्या. मला तर दर वेळी येतो.

घोडं म्हातारं झालं, की एक दिवस ते चारा चावता चावता तोंडातून खाली टाकायचं. ओले, पिळलेल्या चिंधीसारखे गोळे. त्याला गावात 'गोळा टाकणं' म्हणत. घोड्यानं गोळा टाकला म्हणजे त्याला अन्न नकोसं झालं, देवानं बोलावलं, आणि आता ते दारात ठेवलं तर घरच्यांचंही अन्न तुटेल, अशी समजूत. मग येत्या अमावस्येला त्याला आंघोळ घालायची, कपाळाला हळदकुंकू लावायचं, गळ्यात झेंडूची माळ घालायची आणि वाजतगाजत वरच्या सोडखिंडीत नेऊन सोडून यायचं. खिंडीत वाघ होता. शेंबड्या पोराला ठाऊक होतं. पण वाघाचं नाव कुणी काढायचं नाही. 'देवाला सोडलं' म्हणायचं आणि घरी येऊन गूळभात खायचा. जन्मभर ओझं वाहून घ्यायचं, शेवटी वाघापुढं लोटायचं, आणि वर पुण्यही आपल्याच पदरात.

त्या गावात ठमा नावाची बाई होती. पुढं सगळा मुलूख तिला आत्या म्हणू लागला, पण तेव्हा ती नुसती निंबाजीची विधवा होती. निंबाजी घाटात दरडीखाली सापडला होता. सोबतीचे लोक मीठ भिजेल म्हणून पुढं निघून गेले. त्याच्या कवडी नावाच्या घोडीनं, म्हणतात, स्वतः गुडघे टेकले, त्याला पाठीवर घेतलं आणि सात कोस एक पाऊल न घसरता घरी आणलं. तीन दिवसांनी तो गेला. जाताना एवढंच म्हणाला, "कवडीला बघ." त्यानंतर ठमा स्वतः कवडीला घेऊन घाट चढू लागली. बाईमाणूस तांड्यात म्हणून लोकांनी नाकं मुरडली. तिनं मुरडू दिली.

वर्षं गेली. कवडीच्या डोळ्यांवर खळगे पडले, पाठ वाकली. आणि एका सकाळी तिनं गोळा टाकला.

ठमानं तो पटकन शेणात लपवला. पण शेजारणीचा डोळा घारीचा. दुपारच्या आत तांड्याचा मुकादम सुभानजी अंगणात हजर झाला.

"ठमा, कवडीनं गोळा टाकला म्हणे."

"टाकला असेल."

"अमावस्या चार दिवसांवर आलीय."

"तिनं माझा माणूस सात कोस पाठीवर आणला, मुकादम. तिला मी वाघाला नेऊन देऊ?"

"वाघाला कोण म्हणतंय? देवाला."

"मग देवाला सांगा, घरी येऊन घेऊन जा म्हणावं."

मुकादमाला असं ऐकून घ्यायची सवय नव्हती. "रीत सगळ्यांना एक," तो म्हणाला. "तू नाही आणलीस तर आम्ही सोडून नेऊ. आणि मग तुझं मीठही तांड्यात नाही." एवढं बोलून तो निघून गेला.

ठमानं कवडीपुढं पेंढा टाकला. कवडी धावत आली. अधाशासारखा घास घेतला, चावला, पुन्हा चावला आणि टाकला. परत दुसरा घेतला. ठमा बघत राहिली. ज्याला अन्न नको झालं ते असं धावत येतं का? जेवण नको असलेला माणूस ताटाकडं बघतसुद्धा नाही. मग तिला कवडीचा डावा गाल दिसला. तोंडात सुपारी धरल्यासारखा फुगलेला. आणि जवळ गेल्यावर असा वास आला, की पदर नाकाला लावावा लागला.

आता घोडं विकत घेताना कोण नाही ओठ वर करून पुढचे दात बघत? बाजारात वय ठरवायला सगळे पंडित. एकदा घेतलं, की त्याच्या तोंडात मरेपर्यंत कुणी डोकावायचं नाही. लगाम घालायचा तेवढंच तोंडाशी काम.

ठमानं डोकावलं. लगामाची कडी जिथं बसते, तिथं घोड्याला दात नसतात. तिथून तिनं बोटं आत घातली, जीभ एका बाजूला धरली आणि गालात हात सरकवला. दाढा झिजून वाकड्या झालेल्या, मध्ये फटी पडलेल्या, आणि दाढा नि गाल यांच्या मध्ये चारा ठासून भरलेला, गोणीत मीठ ठासतात तसा. वरचा हिरवा, खालचा काळा, सडलेला. ती कोरत गेली. कवडी थरथरली, पण चावली नाही.

मग तिनं चुलीवर पाणी कोमट केलं, त्यात चिमूट मीठ टाकलं. घरात बैलाला औषध पाजायची बांबूची नळी होती, ती घेतली. कवडीचं डोकं खालीच ठेवलं, म्हणजे पाणी घशात न उतरता बाहेर पडेल, आणि नळीनं गालात पाणी सोडत राहिली. आधी डावा, मग उजवा. पाणी काळं आलं, मग हिरवं आलं, तिसऱ्या घागरीला स्वच्छ आलं. तेव्हा तिनं कोंडा भिजवून पुढं ठेवला. कवडीनं घमेलं चाटून पुसून रिकामं केलं.

ठमा गोठ्यातच बसली आणि पोटभर रडली. मग रडणं थांबलं, कारण तिला एकेक घोडं आठवायला लागलं. सासऱ्यांचा काळा. परटाची पंचकल्याणी. मुकादमाचा अबलख. एकालाही अन्न नको नव्हतं. सगळे उपाशी होते. भुकेल्या जनावरांना माळा घालून गावानं खिंडीत नेलं होतं, आणि त्यांच्यामागं ढोल वाजवणाऱ्यांत तीही चालली होती.

अमावस्येच्या दुपारी ढोल घेऊन गाव तिच्या अंगणात आलं. ठमानं कवडीच्या गालातून काढलेले सडके बोळे टोपलीतून मुकादमाच्या पायांशी ओतले.

"हा बघा तुमचा देवाचा निरोप," ती म्हणाली. "दातात सुपारीचं खांड अडकलं तर अख्खी पंगत थांबवून काडी मागता. हिच्या गालात महिन्याचा चारा सडला, तो कुणी बघितला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देत आलात. बघा, खातेय की नाही ती."

कवडी खातच होती. लोक मागं सरले. पण मुकादम मागं कसा सरणार? मागं सरला असता, तर आजवर सोडलेल्या प्रत्येक घोड्याचा जाब द्यावा लागला असता. आणि अशा माणसाला खरं दिसलं, की तो आधी डोळे मिटतो. "एका घोडीनं रीत मोडत नाही," तो म्हणाला आणि त्यानं कवडीच्या दाव्याला हात घातला.

तेवढ्यात, असं म्हणतात, खिंडीकडून टापा ऐकू आल्या.

भर दुपारी, लख्ख उन्हात, घाटाच्या वाटेनं घोडे उतरत होते. एकामागं एक, सावकाश, माना खाली घालून. हाडं मोजून घ्यावीत इतके वाळलेले. गळ्यात माळांचे सुकलेले दोरे. सर्वात पुढं डावा कान फाटलेला अबलख. मुकादमानं त्याला अकरा वर्षांपूर्वी सोडलं होतं. अबलख मुकादमाकडं गेलाच नाही. तो ठमापुढं येऊन उभा राहिला आणि त्यानं तोंड उघडलं.

ढोलवाल्याच्या हातातलं टिपरू गळून पडलं. ठमानं बाही वर केली.

"पाणी आणा," ती म्हणाली. "ज्याचं त्यानं आणा."

मग सगळं गाव विहिरीकडं पळालं. घागरी, हंडे, कळशा, जे हाताला लागेल ते. ज्याचा घोडा पुढं येई, तो खाली मान घालून पाणी ओती, आणि ठमा गाल कोरून काढी. कुणाला त्यातून आपल्या शेतातला नाचणीचा पेंढा ओळखू आला, कुणाला भाताचा. गावानं दिलेला शेवटचा घास त्या जनावरांच्या गालात तसाच होता. किती घोडे आले? कुणी चाळीस म्हणतं, कुणी दोनशे. मी म्हणतो, जेवढे सोडले तेवढे.

मुकादमानं भिजवलेला कोंडा अबलखापुढं ओंजळीत धरला. अबलखानं ओंजळ रिकामी केली, त्याच्या अंगरख्याला तोंड पुसलं, पूर्वी पुसायचा तसंच, आणि वळून चालू लागला. लाथ मारली असती तर बरं झालं असतं, असं मुकादम मरेपर्यंत म्हणत होता. दिवस मावळताना सगळे घोडे खिंडीकडं निघून गेले. वाटेवर एकही टाप उमटली नव्हती.

"आता काय करू, आत्या?" मुकादमानं विचारलं. वयानं तो तिच्याहून मोठा, पण आत्या त्याच्याच तोंडून पहिल्यांदा निघालं.

"आता काय करणार. बैल गेला नि झोपा केला," ठमा म्हणाली. "उरलेल्यांची तोंडं बघा."

त्यानंतर सोडखिंडीत एकही घोडं सोडलं गेलं नाही. कवडी चाळीस वर्षं जगली म्हणतात, आणि आत्या तिच्यामागून वर्षभरात गेली. अंगणात जिथं ते तोंडं धुतल्याचं पाणी सांडलं होतं, तिथं हरळी उगवली. दुष्काळातही ती वाळत नाही.

आता घाटातून ट्रक जातात आणि गावात जेमतेम पाच-सहा घोडे उरलेत. तरी दसऱ्याला आधी घोड्याचं तोंड धुतात, कोमट मिठाच्या पाण्यानं, बांबूच्या नळीनं, घरच्या कर्त्यानं स्वतःच्या हातानं. मगच हळदकुंकू. धुऊन झालं की खिंडीकडं बघून म्हणतात, "आत्या, गाल बघितला." ज्याच्या घरी घोडं नाही, तो दारात नुसती पाण्याची घागर भरून ठेवतो, कुणी वरून उतरलंच तर असावी म्हणून.

आणि पाथरघोळात आणखी एक रीत आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसानं ताट सरकवलं, की 'नखरे करतो', 'आता याचं संपत आलं' असं कुणी म्हणायचं नाही. सून दिवा घेऊन जवळ बसते आणि म्हणते, "मामंजी, आ करा बघू."