मागचा लाल दिवा

एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध शास्त्रीबुवा राहत असत. महाविद्यालयात शिकवणारा हेरंब नावाचा त्यांचा एक शिष्य दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे न्यायशास्त्राच्या पाठासाठी येई. तो येई आपल्या वडिलांच्या वीस वर्षे जुन्या मोटारीतून. तिच्यावर त्याचा फार जीव. हेडलाइटच्या पिवळट पडलेल्या काचा त्याने स्वतः घासून लख्ख केल्या होत्या.

एका रविवारी तो जरा अभिमानानेच म्हणाला, "गुरुजी, क्षमा करणे कठीण असते म्हणतात. या आठवड्यात मला ते साधले."

घडले होते असे. बाजारपेठेत म्हैस आडवी आली म्हणून हेरंबाने ब्रेक लावला, आणि मागून स्कूटरवर येणारा निवृत्ती कासार गाडीवर आदळला. त्याच्या पेटीतल्या बांगड्या फुटून रस्ताभर पसरल्या. हेरंब खाली उतरला आणि साऱ्या बाजारादेखत ओरडला, "डोळे आहेत की खाचा? दिसत नसेल तर गाडी चालवू नये माणसाने!" साठीचा कासार हात जोडून उभा राहिला.

"मग मी म्हटले, जा, सोडले तुला," हेरंब म्हणाला.

शास्त्रीबुवांनी पोथी मिटली आणि हात पुढे केला. "गाडीची किल्ली दे. माझी सायकल घे आणि माझ्या मागोमाग ये."

हेरंबाला काही उमगेना; पण गुरूंची आज्ञा. शाळेच्या मोकळ्या मैदानावर मोटार हळूहळू पुढे निघाली, मागे सायकलवर हेरंब. तिसऱ्या फेरीला शास्त्रीबुवांनी अचानक ब्रेक लावला. सायकलचे चाक बंपरवर आपटले आणि हेरंब मातीत पडला. त्याचा तळहात खरचटला.

शास्त्रीबुवा उतरून आले. "डोळे आहेत की खाचा?"

"गुरुजी, मी पाहतच होतो! पण लाल दिवा लागला नाही, तर तुम्ही थांबताय हे मला कळावे कसे?"

बोलता बोलता तो थबकला. मग त्याने स्वतःच शास्त्रीबुवांना गाडीत बसून ब्रेक दाबायला सांगितले आणि मागे जाऊन पाहिले. दोन्ही दिवे विझलेलेच. पायाने ब्रेक दाबला, की त्यांना वीज पोहोचवणारे बटण केव्हाच निकामी झाले होते. किती दिवसांपूर्वी, हे त्याला सांगता येईना. त्याची मान खाली गेली.

शास्त्रीबुवा शांतपणे म्हणाले, "पुढचे दिवे आपल्याला वाट दाखवतात, म्हणून आपण ते घासतो. मागचा दिवा आपल्या उपयोगाचा नाही. आपण थांबतो आहोत हे तो दुसऱ्याला सांगतो. म्हणून तो विझला तरी आपल्याला कळत नाही. त्यात तुझा दोष थोडा आहे, हेरंबा. पण तू खाली उतरलास, तेव्हा गाडीमागे जाऊन न पाहताच निवाडा दिलास. आणि जी क्षमा करण्याचा हक्क तुझा नव्हताच, ती करून आलास."

हेरंब तसाच कासारआळीत गेला. वाटेत त्याने क्षमायाचनेची वाक्ये मनात जुळवली होती. निवृत्ती ओट्यावर बांगड्यांची पेटी दोरीने बांधत होता. स्कूटर कुठे दिसत नव्हती.

"या सर," तो लगबगीने उठला. "स्कूटर भाच्याला देऊन टाकली. तुम्ही बोललात ते बरंच झालं. आमचे डोळे गेले, हे आम्हालाच कळलं नव्हतं. आता आठ गावं पायीच करतो."

जुळवलेले एकही वाक्य हेरंबाला आठवेना. "मामा," तो कसाबसा म्हणाला, "तुमचे डोळे ठीक आहेत. माझ्या गाडीचा मागचा दिवाच लागत नव्हता."

निवृत्ती रागावला नाही. त्याने स्वतःचे दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले आणि बराच वेळ ते न्याहाळत राहिला.

"म्हणजे... मला दिसतं?"

हेरंबाने होकारार्थी मान हलवली. त्याला वर बघवेना. मग त्याने ती जड पेटी उचलून आपल्या खांद्यावर घेतली आणि निवृत्तीच्या पुढे बाजाराकडे चालू लागला. तिथे पहिल्याच दुकानापाशी थांबून तो मोठ्याने म्हणाला, "परवा चूक माझी होती."

हे त्याला त्या दिवशी अकरा दुकानांसमोर सांगावे लागले. एकदाही ते सोपे झाले नाही.