भिवरामायची टोपली

फार वर्षांपूर्वीची, पांढरझरा गावच्या म्हाताऱ्यांनाही जी फक्त ऐकून ठाऊक, अशी ही गोष्ट. ऐका, पण मधेच त्या जनावराचं नाव घेऊ नका. तेव्हा गावात कुणी घेत नव्हतं. नुसतं 'तो' म्हणायचे, आणि तेवढ्यानंही अंगावर काटा यायचा.

त्यानं पहिला नेला तो भिवराचा नवरा, लख्खू. मोहफुलं वेचायला वाकला होता, तसाच उचलला. गाव दारं लावून बसलं. भिवरा मात्र रडत रडत त्या जागी गेली आणि मातीत उमटलेल्या पंजावर तिनं मोहाची टोपली पालथी घातली, वाऱ्यानं तो पुसू नये म्हणून. पंजाचं एक बोट वाकडं होतं. बाईला वेड लागलं, लोक म्हणाले. म्हणेनात का बापडे!

मग ती रोज माग काढत फिरू लागली. तिला भीती वाटत नव्हती असं कुणी सांगितलं, तर ती थाप समजा. दोनदा मागं वळायची, तरी जायची. ओढ्याकाठचा चिखल पाहून ती कुठलं जनावर कधी आलं, भुकेलं होतं की धालेलं, ते सांगायची, असं म्हणतात. किती उन्हाळे असे गेले कोण जाणे. त्यात एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. गावानं हाका घालून, म्हणजे आरडाओरड करत जनावरं हुसकून, गावाखालच्या दरीतली चितळं-सांबरं मारली, की त्यानंतरच ते वाकडं बोट घरांच्या मागं उमटायचं.

तिनं हे बोलून दाखवलं तेव्हा कोमटी पाटील भडकला. त्या जनावरानं पाटलाचा सख्खा भाऊ नुकताच नेला होता. देवाच्या नावानं चालत आलेली शिकार बंद करायची? त्यापेक्षा दरीच पेटवून देऊ, म्हणाला. भिवरानं सगळ्यांपुढं पदर पसरला.

"एक वर्ष शिकार थांबवा. रानात पोटभर मिळालं, तर तो माणसाकडं वळणार नाही. तोवर रानात सगळ्यांच्या पुढं मी चालते. वर्ष भरलं की ओढ्यावर एकटी बसते. तोच आला, तर हाक मारते. मग खुशाल पेटवा."

पाटील कसाबसा कबूल झाला. वर्ष भरलं. चैत्रातली टळटळीत दुपार होती. वर कड्यावर पाटील आणि त्याची माणसं पेटते टेंभे घेऊन उभी. खाली ओढ्याकाठी भिवरा, मांडीवर टोपली. एकाएकी रान गप्प झालं. आणि झुडपांतून तो आला.

हातभर अंतरावर त्यानं चिखलात पाऊल टाकलं. वाकडं बोट! लख्खूचा काळ तिच्यासमोर उभा होता. हाक गळ्यापर्यंत आली. तेवढ्यात पलीकडं चितळांचा कळप पाण्यावर उतरला, वर्षभरात वाढलेला. त्यानं भिवराकडं पाहिलं, मग मान वळवली. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. एक झेप, एक किंकाळी, आणि चितळ घेऊन तो झाडीत शिरला. तिनं पंजावर टोपली पालथी घातली.

पाटील धावत खाली आला. त्यानं टोपली उचलून पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला.

"तोच होता. मग हाक का नाही मारलीस?"

"मारली असती तर माझ्या लख्खूचा सूड निघाला असता, पाटील. पण ओसाड दरीतून पुढचा उपाशी आला असता, तो कुणाच्या दारात?"

पाटलानं टेंभा ओढ्यात बुडवला. त्यानंतर त्या गावातला माणूस जनावरानं नेला नाही, असं म्हणतात. लांबलांबच्या गावच्या बाया भिवराकडं माग वाचायला शिकायला आल्या आणि आपापल्या गावची शिकार थांबवून बसल्या.

म्हातारपणी ती एकदा ओढ्यावर गेली ती परतली नाही. काठावर टोपली पालथी पडली होती. खाली दोन ताजी पावलं, एक तिचं, एक वाकड्या बोटाचं, दोन्ही एकाच दिशेला. आता तो तरी इतकी वर्षं कुठला जगायला?

आजही मोह गळायला लागला, की पाटलाच्या घरची बाई सगळ्यांच्या पुढं चालते आणि वाटेवर दिसेल त्या पहिल्या पावलावर टोपली पालथी घालते. शहरातून रानाचा अभ्यास करायला येतात ना, त्यांच्याही हातात आधी टोपलीच देतात. भिवरामायचं नाव घेऊन ती टोपली उचलतात. झाकलेलं पाऊल कुठलंही असो, खाली वाकडं बोट दिसलं, तर सगळं गाव मुकाट्यानं मागं फिरतं. त्या दिवशी माय आणि तो, दोघं फिरायला निघालेली असतात.