देखण्या बंदुकीचा पहारा

शके अठराशे एकाहत्तर, भाद्रपद महिना. वर्षा ऋतू ओसरत आला होता आणि कुरणातले गवत छातीइतके वाढले होते. त्या दिवसांत एका जंगलात एक भेकरी आपल्या पाडसासह राहत असे. भेकर म्हणजे कुत्र्यासारखे भुंकणारे लहानसे हरीण. मुलांनो, ते भांडणासाठी भुंकत नाही. संकट आले हे इतरांस कळावे म्हणून भुंकते. या भेकरीची आधीची दोन पाडसे बिबट्याने नेली होती. तिसरे तरी जगावे, याखेरीज तिचे देवापाशी काही मागणे नव्हते.

अशात एक शिकारी त्या रानात येऊन मचाणावर बसला. आग्यामोहोळ उठले, माश्या अंगावर आल्या, तेव्हा तो गृहस्थ बंदूक तिथेच टाकून पळाला, तो पुन्हा काही फिरकला नाही. ती बंदूक वानराने खाली आणली. चाप कसा ओढतात हे त्याने फांदीवर बसून नीट पाहून ठेवले होते, आणि साऱ्या रानात हात म्हणावेत असे हात त्यालाच होते. एक बार उडाला की बिबट्या हे रान सोडून जाणार, याविषयी कुणाला शंका नव्हती; शेजारच्या रानातून तो बाराच्या आवाजानेच तर इकडे आला होता. भेकरीला कित्येक दिवसांनी गवताला चव लागली.

बंदूक मात्र विलक्षण देखणी होती. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता आरशासारखा लखलखत होता. नळीला निळसर झाक होती, आणि चापाच्या वर चांदीच्या पत्र्यावर वेलबुट्टी कोरलेली होती. मोर तर तिच्यापुढून हलेना. "काय कारागिरी ही!" तो म्हणाला. "माझा पिसारासुद्धा हिच्यापुढे फिका वाटतो, आणि असे मी सहसा म्हणत नाही." वानर रोज सकाळी करंजाच्या बिया ठेचून त्यांचे तेल दस्त्याला चोळू लागला.

भेकरी दोन दिवस पाहत राहिली. तिसऱ्या दिवशी ती भीत भीत पुढे आली. "वानरदादा, राग मानू नका," ती म्हणाली, "पण नळीला चिखल फासा, दस्त्याला राख चोळा, आणि तो चांदीचा पत्रा पानांनी झाकून टाका. रानात जो उठून दिसतो, तो जगत नाही."

"चिखल?" मोर किंचाळला. "या नक्षीवर?"

"त्यात काय बिघडले, मोरराव?" रानडुक्कर गुरगुरले. "मी रोज चिखलात लोळतो. माझे सुळे कुणी पुसत नाही, पण त्यांच्या वाटेलाही कुणी जात नाही."

"म्हणूनच तर तुम्हांला सभेत कुणी जवळ बसवत नाही!" मोर म्हणाला, आणि सगळे खो खो हसले.

वानराने हसू आवरून समजुतीच्या स्वरात सांगितले, "ताई, तुमचे मन पोळलेले आहे, म्हणून तुम्हांला शोभेची कदर वाटत नाही. अहो, असे हत्यार नुसते दिसले तरी बिबट्याची मान खाली जाईल."

भेकरी मागे सरली. पटले म्हणून नव्हे. तिला खूर होते आणि त्याला हात होते. वाद घालण्यास याहून अधिक तिच्यापाशी काही नव्हते.

आश्विन लागला, आणि शरदाचे स्वच्छ ऊन पडू लागले. एका सकाळी सारे प्राणी कुरणात चरावयास उतरले. वानर बंदूक घेऊन उंच खडकावर पहाऱ्यास बसला. सूर्य वर आला तसा चांदीच्या पत्र्यावरून एक कवडसा निघाला आणि गवतावरून, झाडांवरून, पलीकडच्या डोंगरउतारावरून नाचू लागला. क्षणभर तो पाडसाच्या पाठीवर थांबला. पाडसाला मौज वाटली; ते त्याला पकडण्यासाठी उड्या मारू लागले. भेकरीने मान वर करून हाक मारली, "दादा, तेवढे झाका हो!" परंतु वानराला वाटले, ती कौतुकच करते आहे. त्याने बंदूक आणखी उंच धरली.

उतारावर दडलेल्या बिबट्याला पहारेकरी कुठे बसला आहे, हे आता शोधावे लागले नाही. तो वाऱ्याची बाजू सोडून, खडकाच्या मागून, पोट जमिनीला लावून आला. भेकरीला त्याचा वास आला तेव्हा तो अगदी जवळ होता. ती जिवाच्या आकांताने भुंकली. वानराने बंदूक फिरवली. नळीवरचे ऊन त्याच्याच डोळ्यांत शिरले, आणि तेलाने बुळबुळीत झालेला दस्ता हातांतून निसटला. बंदूक खडकाला घासत खाली आपटणार, तोच त्याने ती दोन्ही हातांनी छातीशी कवटाळली. चापावर बोट उरलेच नाही. गवत एकदा दुभंगले, पुन्हा मिटले. पाडसाला ओरडण्यासही अवधी मिळाला नाही.

दुपारी सभा भरली. भेकरी पोहोचली तेव्हा सारे प्राणी दाटीवाटीने वाकून काहीतरी पाहत होते. कुणीतरी हळहळले, कुणीतरी डोळे पुसले. दस्त्यावर बोटभर ओरखडा उमटला होता.

"केवढे नुकसान!" मोर गहिवरून म्हणाला.

"वानरदादा," भेकरीने विचारले, "चाप का ओढला नाहीत?"

वानर खरोखरच दुःखी होता. तो म्हणाला, "ताई, ओढावयास गेलो असतो, तर ही खाली पडली असती हो."

त्यावर कुणाला काही वावगे वाटले नाही. एकट्या रानडुकराने मान खाली घातली, आणि ते भेकरीला म्हणाले, "चला बाई. इथे आपले कुणी नाही." ती हलली नाही. जाण्यासारखी जागा तिला उरलेली नव्हती.

ही बंदूक रानात वापरण्याजोगी आहे की नाही, यावर पुढे आठवडाभर खल झाला. अखेर सर्वानुमते ठरले की दोष बंदुकीचा नसून रानाचा आहे. धूळ, ऊन आणि खडक यांना तिची योग्यता नाही. म्हणून तिला कोरड्या गुहेत झेंडूच्या फुलांवर ठेवण्यात आले, तिची यथासांग पूजा झाली, आणि यापुढे ती कधीही बाहेर काढू नये असा ठराव झाला. भेकरी मागे उभी होती. तिचे मत कुणी विचारले नाही आणि तिने ते दिले नाही. खाली पाणवठ्यावर बिबट्या भर दुपारी, उघड्यावर, सावकाश पाणी पीत होता. तो दिवस आश्विन शुद्ध दशमीचा, म्हणजे विजयादशमीचा होता.

तात्पर्य : ज्या शस्त्राला आपणच जपावे लागते, ते आपल्याला जपत नाही, आणि हे ज्याला आधी कळते, त्याचे बहुधा कुणी ऐकत नाही.