तीन हजार बैठका आणि एक शब्द

एका गावात एक तालीम होती. चार भिंती, कोनाड्यात मारुती, अंगणात मल्लखांब आणि आत लाल मातीचा हौद. पण हौदाच्या दाराला सहा वर्षं कुलूप होतं. का होतं ते सांगतो. दमानं ऐका, मलाही आता भरभर बोलवत नाही.

त्या गावची एक जुनी चाल होती. जत्रेच्या आदल्या दिवशी तीन सोबत्यांनी एकत्र, प्रत्येकी तीन हजार बैठका मारायच्या. सूर्य उगवला की सुरू करायच्या आणि तो माथ्यावर यायच्या आत संपवायच्या. वस्तादांनी काठी आपटली की एक बैठक, तिघांची एकदमच. तिघांच्याही पुऱ्या झाल्या तर हौद उघडायचा आणि गावानं वर्षभर कुस्ती खेळायची. एक जरी पडला, तरी कुलूप तसंच. आणि सात वर्षं लागोपाठ कुलूप राहिलं, तर माती उकरून शेतात टाकायची आणि तालमीत कडबा भरायचा. यंदाचं वर्ष सातवं होतं.

या चालीत एक सवलतही होती. तिघांतल्या कुणीही "दमलो" म्हटलं, की तिघांनी बसायचं, पाणी प्यायचं, गुळाचा खडा खायचा आणि पुन्हा उठायचं. कितीही वेळा. वस्ताद दर वर्षी हे घसा फोडून सांगायचे.

पण म्हणणार कोण? सात वर्षांपूर्वी एका तेल्यानं म्हटलं होतं. भिंतीवर बसलेला कुणी टवाळ ओरडला, "बसक्या!" झालं, तेव्हापासून त्याचं नाव बसक्या पडलं ते पडलंच. स्वतःच्या लग्नात बसक्या, पोराच्या बारशाला बसक्या, बाजारात तेल मापून देतानाही बसक्या. लोकांच्या तोंडाला का हात लावता येतो? मग पुढची सहा वर्षं जे जे तिघे आले, ते दातओठ खात मुकाट बैठका मारत राहिले, आणि दोन हजारांच्या आसपास कुणी ना कुणी आडवा झाला. पडलेला चालेल पण बसलेला नको, असली ही अक्कल!

सातव्या वर्षी तीन मित्र पुढे आले. एक कुंभार, आडदांड. एक गवळी, चपळ. आणि एक कोष्टी, मागावर बसून बसून काटकुळा झालेला. हा कोष्टी लहानपणापासून तालमीत झाडलोट करायचा. हौदात उतरायचं त्याचं वय झालं आणि त्याच वर्षी कुलूप लागलं. लाल माती त्याच्या अंगाला एकदाही लागली नव्हती. दाराच्या फटीतून तो ती नुसती बघायचा.

"यंदा उघडायचाच हौद," तो मित्रांना म्हणाला.

"अरे, पण तुझ्या पायात जीव किती?" कुंभार म्हणाला.

"आहे तेवढा आहे. पण माझ्यापायी तुमचं वाया जाऊ देणार नाही."

चाळीस दिवस तिघांनी मेहनत केली. कुंभार चाकावरून उठला की पाय ओढत यायचा. गवळी धार काढताना पेंगायचा. कोष्ट्याला घराची पायरी चढवत नव्हती. पण दमलो असं एकानंही दुसऱ्याला सांगितलं नाही. "कसं काय?" "मजेत." एवढंच बोलायचे.

तो दिवस उजाडला. वस्तादांनी तीस खडे मांडले. शंभर बैठका झाल्या की एक खडा टोपलीत. अंगणाच्या भिंतीवर गाव चढून बसलं. काठी वाजू लागली. ठक. ठक. ठक.

दहा खडे गेले. पंधरा गेले. ऊन चढलं. एकविसाव्या खड्याला कोष्ट्याच्या मांड्या लटलट कापायला लागल्या. त्यानं शेजारी पाहिलं. कुंभार भिंतीसारखा ताठ, गवळी तर काहीतरी गुणगुणत होता. 'यांना काहीच होत नाही,' कोष्ट्याला वाटलं, 'मीच मेला नाजूक.'

मग त्यानं नीट पाहिलं. कुंभारानं ओठ इतका चावला होता की रक्त आलं होतं. आणि गवळी गाणं म्हणत नव्हता, कण्हत होता.

आता तिघांतला एक पडणार, हे कोष्ट्याला कळून चुकलं. एक पडला की संपलं, माती शेतात. पण बोलावं, तर पुढच्याच महिन्यात त्याचं लग्न होतं. मांडवात सासरच्या माणसांसमोर कुणीतरी ओरडणार, बसक्या! त्याला लाज वाटली, भीती वाटली. आणखी दोन बैठका त्यानं त्या भीतीतच मारल्या. मग त्याची नजर कुलपाकडे गेली.

"दमलो," तो म्हणाला.

काठी थांबली. "काय म्हणालास?"

"दमलो, वस्ताद. पार दमलो."

भिंतीवर हशा पिकला. "बसक्या! अरे, दुसरा बसक्या!"

कुंभार लाल डोळ्यांनी वळला. "मेल्या, घात केलास तू!" म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचे गुडघे मुडपले. तो मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "पंधराशेलाच माझं सगळं संपलं होतं रे. तू बोलेनास, मग मी कसा बोलू?"

"माझं तर हजारालाच," गवळी पाय पसरत म्हणाला. "तुम्ही दोघं दगडासारखे उभे. मी आपला मुकाट."

वस्तादांनी तिघांना पाणी पाजलं, गूळ दिला. मग त्यांनी पुन्हा काठी उचलली.

तिघं उठले. चोविसाव्या खड्याला कुंभार स्वतःहून म्हणाला, "दमलो." सत्ताविसाव्याला गवळी म्हणाला. दर वेळी हशा झाला, पण दर वेळी थोडा कमी. शेवटचा खडा टोपलीत पडला, तेव्हा मल्लखांबाची सावली बुंध्याशी वीतभर उरली होती. नाचायला, ओरडायला कुणाच्या अंगात त्राण नव्हतं. तिघं एकमेकांना धरून कसेबसे दारापर्यंत गेले.

कुलूप गंजलेलं. किल्ली फिरेना. तेव्हा गर्दीतून तो तेली पुढे आला आणि त्यानं कुलपात चार थेंब तेल सोडलं.

"हौद शेवटचा कुणी उघडला होता, आठवतंय का कुणाला?" वस्तादांनी गावाला विचारलं. मग तेल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "यानं आणि याच्या दोन सोबत्यांनी. दमलो म्हणून बसला ते तुमच्या ध्यानात राहिलं. उठून तीन हजार पुऱ्या केल्या, ते मात्र सोयीनं विसरलात."

 तेल्यानं उपरण्यानं डोळे पुसले. कुलूप उघडलं. कोष्टी आत गेला आणि त्या मातीत सरळ पालथा पडला, गालाला माती लावून.

तेवढ्यात भिंतीवरचा तोच टवाळ सवयीनं ओरडला, "काय रे, बसक्या?"

"ओ!" तेली म्हणाला. "ओ!" हौदातून कोष्टी म्हणाला. आणि कुंभार, गवळी दोघंही दारातूनच म्हणाले, "ओ!" एका हाकेला चार जणांनी ओ दिली. त्यानंतर त्या गावात ते नाव ठेवून कुणाला चिडवता आलं नाही, आणि हौदाला पुन्हा कुलूप लागलं नाही.

तात्पर्य: दमलो म्हणून बसलेला पुन्हा उठतो, न बोलता पडलेला सोबत्यांनाही घेऊन पडतो. तेव्हा बाबांनो, वेळेवर बोलत जा. मीही आता दमलो. पाणी द्या थोडं.