आप्पांनी खाल्लेलं वर्ष

एकदा एक बातमी कुंपणावरून आली, पण अर्धीच आली.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाबाई आपल्या परसात गोवऱ्या थापत होती. कुंपणापलीकडे सुपडू आपल्या बायकोला सांगत होता, “कौतिक, आप्पांनी आपलं अख्खं वर्ष खाल्लं. आता दुपारी भिकनचा टेम्पो आला की आपण...” आणि नेमकं त्याच वेळी तिसऱ्या घरच्या माणसाने छपराचे पत्रे ठोकायला घेतले. पुढचं वाक्य हातोड्याखाली गेलं. द्वारकाबाई शेणाचा गोळा हातात धरून बराच वेळ कुंपणाशी उभी राहिली. पत्रे काही थांबेनात.

पूर्ण बातमी माणूस ऐकतो आणि विसरतो. अर्धी मात्र त्याला आपल्या पदरचं घालून पुरी करावी लागते.

ही सगळी हकिगत एका माळावरची आहे. घरच्या वाटणीत ज्यांच्या वाट्याला काही आलं नाही अशा सात कुटुंबांनी स्वस्तात मिळाले म्हणून तिथले तुकडे घेतले होते, दगड वेचले होते, बांध घातले होते आणि घरं उभी केली होती. सुपडू आणि कौतिक हे त्यांतलं सगळ्यात नवं जोडपं. त्यांना तिथे येऊन दोन वर्षं झाली होती. माळाच्या टोकाला एक म्हातारा एकटाच राहत असे. तो चाळीस वर्षांपूर्वी तिथे आला, तेव्हा त्या माळावर त्याच्याशिवाय फक्त घोरपडी होत्या. त्याला सगळे आप्पा म्हणत. पेरणी कधी करावी, बांध कुठे घालावा, रानडुकरांना काय करावं, हे सुपडू त्याला विचारूनच करी. शिष्य म्हणावा तर सुपडू आप्पांचा शिष्य होता. दोष एवढाच, की एक गोष्ट तो वीस वेळा विचारी आणि एकविसाव्यांदा दुसऱ्या कोणाला तरी विचारून यायचा.

यंदा तर त्याच्या विचारण्याला पूर आला होता. त्याने लावलेली चाळीस लिंबाची झाडं येत्या वर्षी पहिला बहर धरतील अशी आशा होती. लिंबं लागली तर म्हैस घेता येईल, दूध विकता येईल, कुडाच्या भिंती विटांच्या होतील. पण पाऊस लांबला तर झाडं वाळतील, आणि पेरणीसाठी बी विकत आणायलाही घरात काही उरणार नाही. त्यातच कौतिकचा धाकटा भाऊ भिकन याने शहरातून निरोप धाडला होता. त्याची तिखट-मसाला दळायची गिरणी होती. त्याने कळवलं, की दाजी, माळ सोडा आणि या. गिरणीमागे एक खोली रिकामी आहे, आखाजीच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो आणतो, यायचं असेल तर सामान भरा, नाहीतर मी दुसरा माणूस ठेवतो. आखाजीला लेकी माहेरी जातात. कौतिकला न्यायला यंदा माहेर टेम्पो घेऊन येणार होतं.

राहावं की जावं हे सुपडूला ठरवता येईना. शेवटी त्याने घट मांडायचं ठरवलं. त्या भागात आखाजीला घट मांडून पुढच्या वर्षाचा अंदाज घेतात. जमिनीवर मातीचं रिंगण करायचं, त्यात अठरा धान्यांचे दाणे मांडायचे, मधोमध पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं ठेवून त्यांवर पाण्याची घागर ठेवायची, आणि घागरीवर पापड, कुरडई, करंजी. करंजी म्हणजे वर्षाची तिजोरी. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणता दाणा हलला, कोणतं ढेकूळ भिजलं, ते पाहून जाणत्याने वर्ष वाचायचं. सुपडूच्या घरी अकराच धान्यं निघाली. उरलेली सात द्वारकाबाईने आपल्या डब्यांतून दिली. त्यामुळे त्या वर्षात तिची मूठभर मसूरही होती, आणि ते वर्ष कोणी खाल्लं असेल तर तिला विचारायचा थोडा अधिकार होता.

तरीही द्वारकाबाईने कोणाला काही सांगितलं नाही. पाणी भरताना तिने शेवटच्या घरच्या इंदूला फक्त विचारलं, की तुला काही कळलं का. घटकाभरात ते विचारणं सातही घरं फिरून तिच्याकडेच परत आलं, आणि येताना चांगलं अंगाने भरून आलं: म्हाताऱ्याला चळ लागला, त्याने सुपडूचं सगळं बियाणं कच्चंच खाल्लं, आणि सुपडू जमीन विकून चालला. चौथ्या घरच्या माणसाने तर त्यांची खाट किती जुनी आहे याची चौकशीही केली.

ते ऐकून मात्र द्वारकाबाईने हातातलं काम टाकलं. कौतिक गेली तर कुंपणापलीकडे नुसता वारा उरेल. ह्या दोन वर्षांत तिला त्या घरातलं भांडण, खोकला, हसणं, फोडणीत जळलेला लसूण, सगळं ठाऊक झालं होतं. आणि ठाऊक असण्यातून जी माया लागते तीही लागली होती. विरजण मागायचं निमित्त करून तिने वाटी घेतली आणि ती पलीकडे गेली.

अंगणात रिंगण होतं, दाणेही होते. घागर मात्र बाजूला आडवी पडली होती आणि तिच्यावरचा पापड, कुरडई, करंजी यांपैकी कशाचाही मागमूस नव्हता. सुपडू उंबऱ्यावर डोकं धरून बसला होता. आणि आप्पा त्याच्याच खाटेवर, तोंडावर पंचा टाकून, शांत झोपले होते.

कौतिक पितळी पातेलं घासत होती. हळू आवाजात तिने झालं ते सांगितलं. आप्पांना वर्ष वाचायला बोलावलं होतं. ते उजाडताच आले, रिंगणाभोवती दोनदा फिरले, मग खाली बसले. आता काहीतरी बोलतील म्हणून सुपडू हात जोडून उभा राहिला. आप्पांनी घागरीवरची करंजी उचलली आणि खाल्ली. मग कुरडई खाल्ली. मग पापड. मग घागर उचलून पाणी प्यायले, मिशा पुसल्या, आणि जरा पडतो म्हणाले.

द्वारकाबाईने आधी मसूर पाहून घेतली. ती जागेवर होती. मग तिने सुपडूकडे पाहिलं. तो उठून खाटेजवळ गेला आणि त्याने म्हाताऱ्याच्या पायाला हात लावून त्याला उठवलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या आवाजाला आपल्या गुरूपुढे धार आली होती.

“आप्पा, तुम्हाला वाचायला बोलावलं होतं. खायला नव्हतं बोलावलं.”

आप्पा उठून बसले. पंचा नीट घडी करून खांद्यावर टाकला.

“वाचलं की मी. आधी वाचलं, मग खाल्लं. ज्येष्ठाचं ढेकूळ ओलं होतं, आषाढाचं कोरडं. ज्वारीचे दोन दाणे रिंगणाबाहेर गेले होते. मुंगीने नेले होते. ती तिथेच होती, तिसरा न्यायच्या तयारीत. करंजी जागची हलली नव्हती. यातून ‘राहा’ काढता येतं आणि ‘जा’ही काढता येतं. मी जे म्हणालो असतो ते तू केलं असतंस, आणि पुढे वर्षभर काही बिघडलं की काठी घेऊन माझ्या दाराशी आला असतास.”

“मग नुसतं सांगितलं नसतंत तरी चाललं असतं. खाल्लं कशाला?”

“ठेवलं असतं तर तू दुसऱ्या कोणाकडून वाचून घेतलं असतंस.”

सुपडूने कुडाला खोचलेल्या चपलेकडे चोरून पाहिलं. ती काढून शेजारच्या गावच्या जाणत्याकडे जायचा विचार सकाळीच त्याच्या मनात येऊन गेला होता.

आप्पांचा आवाज मग खाली आला. “बाळा, आठ दिवस तू हिंडतोयस. मला विचारलंस, पंचांगवाल्याला विचारलंस, मेहुण्याला विचारलंस, एसटीच्या कंडक्टरलासुद्धा विचारलंस. काल मुंग्यांना विचारलंस. येणारं वर्ष तुझ्याबरोबर जी ओढणार आहे, झाडांना जी पाणी घालणार आहे, तिला विचारलंस का? मला तरी ऐकू आलं नाही.”

द्वारकाबाई वाटी धरून उभी होती. तिने मनाशी मागचे आठ दिवस चाळले. त्या घरातलं तिला सगळं ऐकू आलं होतं. हे मात्र ऐकू आलं नव्हतं. आणि तिला ऐकू आलं नाही म्हणजे ते बोललं गेलंच नव्हतं.

“वर्ष कसं जाईल ते मला कळत नाही,” आप्पा म्हणाले. “चाळीस वर्षांत एकदाही कळलं नाही. करंजी कशी झाली ते कळलं. चांगली झाली होती, तूप घातलेली. सणाचा गोड घास करून तुम्ही मातीवर ठेवलात आणि दोघंही शिळं बेसन आणि भाकरी खाऊन झोपलात. पुढच्या वर्षाच्या धास्तीने आजचा सण उपाशी राहिला. माणसाने अन्न खावं आणि माणसाला विचारावं. आपण उलटं करतो. अन्नाला विचारतो आणि माणसाला खातो.”

कौतिकने पातेलं घासायचं थांबवलं.

“मला जायचं नाही,” कौतिक पातेल्याकडे बघतच म्हणाली. “तिथं भिकन तिखटाने दिवसातून शंभरदा शिंकतो, मला त्या खोलीत झोप येणार नाही. झाडांना मी हंड्याने पाणी घातलंय. ती अशी टाकून मी कुठं जाऊ? पण तुम्ही पहाटे उठून आभाळ बघत बसता, तेही मला बघवत नाही. भिकनला माणूस हवाय तो आत्ता, तिखटाच्या दिवसांत. पाऊस लागला की मिरची कोण आणतं दळायला? तुम्ही एकटेच जा, मृगापर्यंत. तेवढ्यात बियाण्यापुरतं मिळेल. पेरायला परत या. मी इथं आहे.”

इतकं सरळ उत्तर आपल्याच अंगणात पातेलं घासत बसलं होतं, हे सुपडूला पचायला वेळ लागला.

“हे तू आधी का नाही बोललीस?”

“तुम्ही विचाराल म्हणून थांबले होते. मुंग्यांचं झाल्यावर माझा नंबर लागेल असं वाटलं.”

आप्पा एवढे हसले की खाट करकरली. सुपडूही आधी कानकोंडा झाला, मग हसला. पण हसता हसता त्याची नजर झाडांकडे गेली. चाळीस झाडं, उतारावरून आणायचं पाणी, आणि बाई एकटी. हे द्वारकाबाईला न सांगता कळलं. न सांगता कळणं हा तर तिचा रोजचाच उद्योग होता. ती म्हणाली की कुंपणालगतची पंधरा झाडं तिची, एक दिवसाआड ती पाणी घालील, नाहीतरी ती कुंपणाशी उभी असतेच.

दुपारी टेम्पो आला. माळावर टेम्पो येणं हीच मोठी गोष्ट, त्यात तो सामान न्यायला आलेला. सातही घरांची माणसं काही ना काही कामाने बाहेर आली. भिकन उतरला, शिंकला, आणि सामान कुठंय म्हणून विचारलं. सुपडूने सगळं सांगितलं. भिकन आधी रुसला. एवढा मोठा टेम्पो भाड्याने आणला तो एका माणसाला न्यायला का, म्हणाला. मग पुन्हा शिंकला, बहिणीकडे पाहिलं, आणि मृगापर्यंत तर मृगापर्यंत, असं म्हणून कबूल झाला. कौतिकने त्याला जेवू घातलं. रिंगणातली धान्यं तिने एकत्र भिजत घातली होती. रात्री त्यांची उसळ व्हायची होती. आप्पांसाठी, द्वारकाबाईसाठी आणि स्वतःसाठी. जाणाऱ्यासाठी तिने ताज्या करंज्या तळल्या. त्यांतली पहिली तिने सुपडूच्या हातावर ठेवली आणि तो ती खाईपर्यंत समोर उभी राहिली.

टेम्पो निघाला तेव्हा मागच्या रिकाम्या हौद्यात एक पिशवी होती, एक चादर होती आणि सुपडू होता. सुपडू मागे बघून ओरडून काहीतरी विचारत होता. बहुधा पाण्याचंच असावं. कौतिकने हात हलवून हो म्हटलं.

धूळ बसली तशी इंदू कुंपणाशी आली. तिने बघितलं होतं सगळं, तरी विचारलं, “गेले का गं?”

द्वारकाबाई सांगायला लागली होती, पण थांबली. काय नक्की झालं ते तिने आधी मनाशी नीट लावलं.

“अर्धे गेले,” ती म्हणाली. “अर्धी इथंच आहे. पेरणीला पुन्हा पुरे होतील.”

“आणि म्हाताऱ्याने वर्ष खाल्लं ते?”

“सगळं नाही खाल्लं. वरचं गोडाचं तेवढं. बाकीचं शिल्लक आहे.”

इंदूला ही बातमी फार आवडली नाही. तिच्यात सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्या संध्याकाळी द्वारकाबाईने नवऱ्याला ताट वाढलं, समोर बसली, आणि यंदा आपण काय करावं असं तुमच्या मनात आहे, म्हणून विचारलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. त्याने हातातला घास खाली ठेवला, तिच्याकडे निरखून पाहिलं, आणि ताप तर नाही ना, हे बघायला तिच्या कपाळाला हात लावला. मग ताटातली भाजी गार होईपर्यंत तो बोलत राहिला.